ताऱ्याच्या पोटातला नायट्रोजन वर येतो कसा?

मे महिन्यात गावी गेलं की गच्चीवर झोपायचं ही आमच्या घरची जुनी पद्धत, आणि रात्री साडेबारा-एकला जाग आली की दक्षिणेला वृश्चिक बरोबर समोर असतो, मध्ये लाल ज्येष्ठा आणि खाली वळलेली नांगी. पंचांगातलं ज्येष्ठा नक्षत्र म्हणजे फक्त तो लाल तारा नव्हे, ते तीन ताऱ्यांचं आहे, मधला लाल आणि दोन बाजूंना दोन निळसर पांढरे, त्यातला डावीकडचा खालचा जो आहे त्याला खगोलवाले टाऊ स्कॉर्पाय म्हणतात. आता टाऊवरून नजर सरळ वर न्यायची, हात लांब करून मूठ धरली तर जवळजवळ दोन मुठी वर, तिथे भुजंगधारीतला एक बेताच्या तेजाचा तारा आहे, तो झीटा ऑफियुकाय. दोन्ही साध्या डोळ्यांना दिसतात, दोन्ही सूर्याच्या पंधरा-वीस पट वस्तुमानाचे, आणि दोघांचाही पृष्ठभाग ३० हजार अंशांच्या पुढे तापलेला.

पण दोघांच्या फिरण्यात केवढा फरक आहे बघा. झीटाच्या विषुववृत्तावरचा वायू सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटरने धावतोय, म्हणजे मुंबईहून सरळ रेषेत पणजी, एका सेकंदात. सूर्याचा हाच वेग सेकंदाला २ किलोमीटर आहे. आणि टाऊ? तो स्वतःभोवती एक फेरी मारायला ४१ दिवस घेतो, झीटाला त्याच कामाला साधारण एक दिवस लागतो.

गेल्या वर्षी हे भाचीला सांगत होते तर ती म्हणाली, मावशी, मग झीटा आतून मिक्सरमध्ये फिरवल्यासारखा एकजीव झाला असेल ना? मी हो म्हणाले, कारण वरवर पाहता उत्तर तेच आहे आणि शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं साधारण तसंच वाटत होतं. पण मला झोप लागेना, कारण टाऊचं काय मग? तो तर फिरतच नाही म्हणावं इतका हळू, आणि तरीही त्याच्या पृष्ठभागावर नायट्रोजन ठळकपणे जास्त आहे, जो नायट्रोजन फक्त ताऱ्याच्या गाभ्यात तयार होऊ शकतो. तिला मी नीट उत्तर द्यायला हवं होतं, ते इथे लिहितेय.

आधी एवढं, की शेकडो प्रकाशवर्षं लांबच्या ताऱ्यावर नायट्रोजन आहे हे कळतं कसं. ताऱ्याचा प्रकाश वर्णपटात पसरवला की त्यात बारीक काळ्या रेषा दिसतात, प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी, आणि रेषा किती खोल आहे त्यावरून ते द्रव्य किती आहे त्याचा हिशोब मांडता येतो. गंमत म्हणजे सूर्य सोडून ज्या ताऱ्याचा असा सविस्तर हिशोब पहिल्यांदा मांडला गेला तो हाच टाऊ स्कॉर्पाय. आल्ब्रेख्ट उन्झोल्ड नावाचे जर्मन शास्त्रज्ञ १९३९ मध्ये अमेरिकेत गेले होते, तिथे त्यांनी टाऊचे वर्णपट घेतले आणि मग युद्धाच्या वर्षांत जर्मनीत बसून त्याचं विश्लेषण केलं. टाऊच का, तर तो हळू फिरतो. जोरात फिरणाऱ्या ताऱ्याची एक कड आपल्याकडे येत असते आणि दुसरी लांब जात असते, त्यामुळे डॉप्लर परिणामाने प्रत्येक रेषा दोन्ही बाजूंना पसरते, फिकट होते, शेजारच्या रेषेत मिसळते. टाऊच्या रेषा सुईसारख्या बारीक आहेत. झीटाच्या रेषा ओल्या कागदावर शाई फुटावी तशा पसरलेल्या आहेत, नायट्रोजनच्या आधीच फिकट असलेल्या रेषा तर त्यात शोधाव्या लागतात. ही अडचण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता नायट्रोजनच का? ऑक्सिजन, कार्बन, लोखंड सोडून सगळे नायट्रोजनच्या मागे का लागलेत?

कारण मोठ्या ताऱ्यांची चूल वेगळ्या तऱ्हेने पेटते. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान आहे, तिथे हायड्रोजनचे अणुगर्भ थेट एकमेकांना चिकटत जाऊन हीलियम होतो. मोठ्या ताऱ्याच्या गाभ्यात तीन-साडेतीन कोटी अंश असतात आणि तिथे दुसरा रस्ता जास्त वेगाने चालतो, त्याला सीएनओ चक्र म्हणतात, कार्बन नायट्रोजन ऑक्सिजन. १९३८-३९ च्या सुमारास वाइझसॅकर आणि हान्स बेथे यांनी ते मांडलं. त्यात हायड्रोजनचा अणुगर्भ कार्बनला येऊन चिकटतो, त्याचा नायट्रोजन होतो, पुन्हा एक चिकटतो, ऑक्सिजन, परत नायट्रोजन, असं करत चार हायड्रोजन गिळले की एक हीलियम बाहेर पडतो आणि मूळचा कार्बन परत मिळतो. म्हणजे कार्बन खर्च होत नाही, तो फक्त मध्यस्थी करतो. सूर्यातसुद्धा हे थोडंसं चालतं, ऊर्जेचा साधारण एक टक्का त्यातून येतो, आणि २०२० मध्ये इटलीतल्या बोरेक्सिनो प्रयोगाने त्या चक्रातून निघालेले न्यूट्रिनो पकडून ते सिद्धही केलं.

या चक्रात एक पायरी फार संथ आहे. नायट्रोजन-१४ ला पुढचा हायड्रोजन चिकटायला बाकीच्या सगळ्या पायऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. हायवेवर चार टोलनाके आहेत आणि तिसऱ्या नाक्यावर एकच खिडकी उघडी आहे असं समजा, रस्त्यावरच्या गाड्या तेवढ्याच राहतात पण थोड्या वेळाने बघाल तर जवळपास सगळ्या त्या एका नाक्यापाशी साचलेल्या. तसंच इथे, कार्बन आणि ऑक्सिजनचे अणू हळूहळू नायट्रोजन होऊन तिथेच अडकतात. तारा जन्मतो तेव्हा एका नायट्रोजनमागे साधारण चार कार्बन आणि सात ऑक्सिजन असतात, सूर्यात तेच प्रमाण आहे. नुसता कार्बन बदलला तरी नायट्रोजन पाचपट होतो, ऑक्सिजनही बदलत गेला तर दहापटीच्या वर. आणि तिघांची बेरीज मात्र जन्मली तेव्हा होती तेवढीच राहते. ही बेरीज मला फार महत्त्वाची वाटते, कारण त्यावर ताळा करता येतो. पृष्ठभागावर नायट्रोजन वाढलेला दिसला आणि त्याच प्रमाणात कार्बन घटलेला दिसला, तर तो माल गाभ्यातल्या चुलीतून आलाय हे पक्कं, मापनातली चूक असती तर हिशोब इतका नेमका जुळला नसता. मृग नक्षत्राच्या पायाशी चमकणारा निळा राजन्य घ्या, त्याच्यावर असा वाढलेला नायट्रोजन स्पष्ट सापडतो.

मग अडचण काय, तर गाभा आणि पृष्ठभाग यांच्यात मधे फार मोठा थर आहे आणि तो थर शांत आहे.

सीएनओ चक्र तापमानाला इतकं संवेदनशील आहे की तापमान थोडंसं वाढलं तरी ऊर्जा कित्येक पटींनी वाढते, त्यामुळे सगळी ऊर्जा अगदी मधल्या भागात निर्माण होते आणि तो भाग भाताच्या आधणासारखा रटरट उकळत असतो, तिथलं सगळं सतत एकजीव होतं. पण त्याच्या बाहेरचा थर उकळत नाही. तिथून ऊर्जा नुसती प्रकाशाच्या रूपात झिरपत झिरपत बाहेर येते, वायू जागचा हलत नाही. सूर्यात बरोबर उलटं आहे, आतला भाग शांत आणि बाहेरचा जवळपास तीस टक्के भाग उकळणारा. म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या बाबतीत गाभ्यात कितीही नायट्रोजन साचला तरी पृष्ठभागाला त्याची खबर लागू नये, वर जन्मावेळचीच रसायनं दिसत राहावीत.

आणि अजून एक अडथळा आहे. हायड्रोजन जळून हीलियम होतो तसा गाभा जड होत जातो आणि वरचा थर हलका राहतो. आमटी बराच वेळ तशीच ठेवली की डाळ खाली बसते आणि वर पाणी राहतं, मग नुसतं पातेलं हलवून ती वर येत नाही, डाव तळापर्यंत घालून जोर लावावा लागतो. ताऱ्यातही जड खाली आणि हलकं वर ही रचना स्वतःहून मोडत नाही, आणि वय वाढेल तशी ती आणखी घट्ट होते. त्यामुळे मिसळायचं असेल तर लवकर, तरुणपणी मिसळलेलं बरं.

इथे फिरणं येतं, आणि इथेच भाचीची मिक्सरची उपमा थोडी फसवते. नुसतं फिरल्याने काही मिसळत नाही. आमटीचं तेच पातेलं एखाद्या फिरत्या पाटावर ठेवा आणि एकसारख्या वेगाने फिरवत राहा, थोड्या वेळाने आतली आमटीही पातेल्याबरोबर त्याच वेगाने फिरायला लागेल आणि डाळ खालीच राहील. मिक्सर मिसळतो कारण पातं फिरतं आणि भांडं थांबलेलं असतं, ताकाची रवी घुसळते कारण रवी फिरते आणि ताक मागे राहतं. मिसळायला वेगांमधला फरक लागतो, किंवा मग दुसरा एखादा प्रवाह लागतो. जोरात फिरणाऱ्या ताऱ्यात दोन्ही तयार होतात.

प्रवाहाचं आधी सांगते. फिरणारा तारा मध्ये फुगतो. सिंह राशीतला मघा बघा, तो काही फार मोठा तारा नाही, सूर्याच्या चारपट वगैरे, पण सोळा तासांत एक फेरी मारतो आणि त्याचा विषुववृत्ताचा घेर ध्रुवांकडच्या मानाने जवळपास एक तृतीयांशाने जास्त आहे. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरच्या दुर्बिणींच्या जाळ्याने हे मोजलं आणि त्यात आणखी एक गोष्ट दिसली, मघाचे ध्रुव सुमारे १५ हजार अंश आणि विषुववृत्त सुमारे १० हजार अंश. एकाच ताऱ्यावर पाच हजार अंशांचा फरक! याचं गणित स्वीडनच्या फॉन झाइपेल यांनी १९२४ मध्येच करून ठेवलं होतं. फुगलेल्या भागात गुरुत्व कमी, म्हणून तिथून बाहेर पडणारी उष्णताही कमी, ध्रुवांवर गुरुत्व जास्त म्हणून उष्णता जास्त. पण याचा अर्थ असा की ताऱ्याच्या आत एकाच पातळीवर ध्रुवाकडे आणि विषुववृत्ताकडे उष्णतेचा हिशोब जुळतच नाही, आणि तो जुळवायला वायूलाच हलावं लागतं, मुख्य प्रवाहात ध्रुवांच्या बाजूने वर आणि विषुववृत्ताच्या बाजूने खाली. याला एडिंग्टन-स्वीट अभिसरण म्हणतात. हा प्रवाह अतिशय संथ आहे, पण मोठ्या ताऱ्याकडे वेळ असतो लाखो वर्षांचा, आणि जितकं फिरणं जोरात तितका हा प्रवाह लवकर काम उरकतो.

दुसरं म्हणजे वेगातला फरक. तारा वयाबरोबर बदलतो, गाभा आकसतो, बाहेरचा थर फुगतो, आणि हात जवळ घेतले की गिरकी वाढते त्याच नियमाने गाभा वेगात आणि बाहेरचा थर हळू फिरायला लागतो. एका थरावरून दुसरा थर घसरत जातो, मधे भोवरे तयार होतात आणि ते थोडं थोडं मिसळत राहतात. हे नुसतं कागदावरचं नाही, काही तारे हलकेसे थरथरतात आणि त्या थरथरण्यावरून आतलं फिरणं मोजता येतं, २००३ मध्ये एका बी प्रकारच्या, म्हणजे निळसर आणि खूप तापलेल्या, ताऱ्यात गाभ्याजवळचा भाग पृष्ठभागाच्या साधारण चारपट वेगाने फिरतोय असं दिसलं. आता या दोनांपैकी मिसळण्याचं खरं काम कोण करतं यावर अजून एकमत नाही. जिनिव्हाच्या मेडर आणि मेने यांच्या मॉडेलमध्ये थरांचं घासणं रसायनं वर आणतं आणि अभिसरण मुख्यतः फिरण्याचा जोर इकडून तिकडे नेतं, तर ज्या मॉडेलमध्ये चुंबकक्षेत्र तारा आतून जखडून ठेवतं तिथे सगळे थर जवळजवळ एका वेगाने फिरतात, घासायला फारसं काही उरत नाही आणि मिसळायचा भार अभिसरणावर येतो. उत्तरं थोडी वेगळी येतात, पण दोन्हीकडे एक भाकीत समान होतं: जितका जोरात फिरणारा तारा, तितका पृष्ठभागावर नायट्रोजन जास्त.

सरळ, तपासता येईल असं भाकीत. मग ते तपासलं.

चिलीच्या वाळवंटात पारानाल डोंगरावर ८.२ मीटरच्या आरशांच्या चार दुर्बिणी आहेत, त्यातल्या एकीवर फ्लेम्स नावाचं यंत्र आहे, जे प्रकाशतंतू वापरून एका वेळी शंभरावर ताऱ्यांचे वर्णपट घेऊ शकतं. आधी एकेक तारा घेऊन रात्री घालवायच्या, आता एका झटक्यात अख्खा तारकागुच्छ. या यंत्राने मोठ्या मॅगेलनी ढगातले तारे पाहिले, ही आपल्या आकाशगंगेची शेजारीण, १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवरची, आणि हंटर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तिथल्या १३५ बी ताऱ्यांचा आलेख छापला, आडव्या अक्षावर फिरण्याचा वेग आणि उभ्या अक्षावर नायट्रोजन. भाकीत खरं असतं तर ठिपके डावीकडे खालून उजवीकडे वर चढत जायला हवे होते.

हायड्रोजन जाळत असलेल्या ताऱ्यांपैकी साधारण ६० टक्के तसे वागले. पण जवळपास २० टक्के तारे हळू फिरणारे होते आणि नायट्रोजनने भरलेले होते, म्हणजे टाऊसारखे. आणि आणखी २० टक्के जोरात फिरत होते, वयानेही पुढे गेलेले होते, आणि तरी त्यांच्यावर नायट्रोजन जवळजवळ वाढलेलाच नव्हता. हा आलेख पुढे हंटर आलेख म्हणूनच ओळखला जाऊ लागला आणि या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाला आजही त्याला उत्तर द्यावं लागतं. मला त्यातली प्रामाणिक गोष्ट ही वाटते की त्या लोकांनी मॉडेल जुळवायचा खरोखर प्रयत्न केला, मिसळण्याचे आकडे फिरवून पाहिले, आणि तरी ४० टक्के बाहेर राहतात हे सरळ लिहून टाकलं.

आता एक शंका कोणालाही येईल, की हळू फिरणारे तारे खरंच हळू फिरतात कशावरून? रेषा पसरतात त्या फक्त आपल्या दिशेने येण्याच्या वेगामुळे. एखादा तारा भन्नाट फिरत असेल पण त्याचा ध्रुवच आपल्याकडे रोखलेला असेल, तर त्याची कोणतीच कड आपल्याकडे येत नाही आणि लांबही जात नाही, रेषा बारीकच दिसणार. भोवऱ्याकडे बरोबर वरून पाहण्यासारखं. त्यामुळे वर्णपटातून मिळतो तो किमान वेग, खरा वेग त्याहून जास्त असू शकतो. बरोबर आहे शंका, पण अक्ष सगळ्या दिशांना विखुरलेले असतात आणि इतक्या साऱ्यांचे ध्रुव नेमके आपल्याकडेच वळलेले असणं हिशोबात बसत नाही. आणि टाऊबाबत तर शंकाच नाही, त्याच्या चुंबकक्षेत्राची खूण दर ४१ दिवसांनी परत येते, म्हणजे फेरी थेट मोजलेली आहे.

हो, चुंबकक्षेत्र. २००६ मध्ये टाऊवर सुमारे ५०० गॉसचं आणि चांगलंच गुंतागुंतीचं चुंबकक्षेत्र सापडलं, पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या जवळपास हजारपट. मोठ्या ताऱ्यांत असं जोरदार क्षेत्र शंभरात सात-आठांकडेच असतं. चुंबकक्षेत्र असलं की तारा हळू का, ते समजायला सोपं आहे, ताऱ्यावरून सतत वारा बाहेर वाहत असतो, चुंबकाच्या रेषा त्या वाऱ्याला लांबपर्यंत पकडून फिरवतात आणि त्यात ताऱ्याचा फिरण्याचा जोर निघून जातो, पसरलेल्या हातांनी ब्रेक लावल्यासारखा. म्हणजे टाऊ कधीकाळी जोरात फिरला असेल, तेव्हा नायट्रोजन वर आला असेल आणि नंतर ब्रेक लागला असेल, असं म्हणता येतं. पण मग हे चुंबकक्षेत्र आलं कुठून?

याचं उत्तर शोधताना लोक एका अशा गोष्टीपाशी आले जी खरं तर डोळ्यांसमोरच होती. मोठे तारे सहसा एकटे जन्मत नाहीत. साना आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जवळच्या तारकागुच्छांतले ओ प्रकारचे, म्हणजे सर्वात तापलेले आणि जड, तारे तपासून दाखवलं की त्यातले ७० टक्क्यांहून जास्त आयुष्यात कधी ना कधी आपल्या जोडीदाराशी वस्तुमानाची देवाणघेवाण करतात, आणि त्यातल्या बऱ्याच जोड्या तर एकमेकांत विलीनच होतात. आपण इतकी वर्षं एकट्या ताऱ्याची मॉडेलं करत बसलो आणि निम्म्याहून जास्त तारे एकटे नव्हतेच!

टाऊ हा अशाच विलीन जोडीचा वारस असावा असं आता मानतात, आणि मला ते पटतं, कारण पुरावे तीन बाजूंनी येतात. एक, चुंबकक्षेत्र: श्नायडर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सूर्याच्या ९ पट आणि ८ पट वस्तुमानाचे दोन तारे कॉम्प्युटरवर एकमेकांत मिसळून पाहिले आणि त्या घुसळणीतून जोरदार चुंबकक्षेत्र आपोआप तयार झालं. दोन, वय: टाऊ ज्या कुटुंबातला आहे त्यातले बाकीचे तारे साधारण एक कोटी वर्षांचे आहेत पण टाऊ त्याच्या निम्म्याहूनही कमी वयाचा दिसतो, कारण विलीन होताना त्याच्या गाभ्याला ताजं हायड्रोजन मिळालं. तीन, आपला नायट्रोजन. उन्झोल्ड यांनी सुईसारख्या रेषा म्हणून जो तारा निवडला, त्याच्या रेषा बारीक असण्यामागे ही एवढी गोष्ट होती.

आणि झीटा? तो अवकाशातून सुसाट पळतोय, त्याच्या पुढे वायू आणि धूळ साचून कमानीसारखी आघातलहर तयार झालीय, स्पिट्झर दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात काढलेला त्याचा फोटो जरूर बघा. असं पळणारे तारे बहुधा जोडीतून सुटलेले असतात, जोडीदाराचा स्फोट झाला की उरलेला भिरकावला जातो. पण स्फोटाआधी त्या जोडीदाराने आपले बाहेरचे थर झीटावर ओतले असावेत, त्या ओतण्याने झीटाचं फिरणं वाढलं असावं, आणि त्याच ओतलेल्या मालात हीलियम आणि नायट्रोजनही असावा. झीटाच्या पृष्ठभागावर हीलियम नेहमीपेक्षा जास्त आहे आणि नायट्रोजनही वाढलेला आहे, तो सगळा त्याच्या स्वतःच्या गाभ्यातून आला असेलच असं नाही, त्यातला मोठा भाग दुसऱ्याच्या गाभ्यातला असू शकतो.

भाचीला जे सांगायचं राहिलं ते हे. आपण वेग पाहिला, नायट्रोजन पाहिला, आणि वेगामुळे नायट्रोजन असं जोडून टाकलं. झीटामध्ये दोन्ही एकाच तिसऱ्या कारणातून आले असावेत, जोडीदारातून. टाऊमध्येही जोडीदारातूनच, फक्त तिथे नंतर वेग गेला आणि नायट्रोजन राहिला.

मग फिरण्याने मिसळतं हे खोटं ठरलं का? मुळीच नाही, आणि याचा पुरावा एका अगदी दुर्लक्षित मूलद्रव्यातून येतो, बोरॉनमधून. बोरॉन इतका नाजूक आहे की पन्नास-साठ लाख अंशांनाच तो नष्ट होतो, त्यामुळे ताऱ्याच्या अगदी बाहेरच्या सालीतच तो टिकतो. थोडंसं जरी मिसळलं तरी पृष्ठभागावरचा बोरॉन खाली जाऊन जळतो आणि कमी व्हायला लागतो, नायट्रोजन वर पोचायच्या कितीतरी आधी. आता जोडीदाराने माल ओतला असेल तर तो माल खोल थरांतला, त्यात बोरॉन नाही आणि नायट्रोजन भरपूर, म्हणजे दोन्ही बदल बरोबरच दिसणार. पण बोरॉन घटलाय आणि नायट्रोजन अजून नेहमीइतकाच आहे असा तारा सापडला तर? तिथे बाहेरून काही आलेलं नाही, तारा आतल्या आतच हळू मिसळतोय. असे तारे सापडलेत. शोधणं सोपं नव्हतं, बोरॉनची कामाची रेषा २०७ नॅनोमीटरच्या आसपास अतिनील भागात आहे, आपलं वातावरण तो प्रकाश खाली येऊच देत नाही, त्यासाठी हबल दुर्बीण लागते. या सगळ्या विषयातला मला सर्वात आवडलेला युक्तिवाद हाच, एका नाहीशा होणाऱ्या द्रव्यावरून दोन शक्यता वेगळ्या काढणं.

आणि फिरणं फारच जास्त असेल तर काय होतं याचीही एक टोकाची शक्यता आहे. मिसळणं इतकं जोरात की गाभ्यात हीलियम तयार होतो तसा लगेच सगळीकडे पसरतो, जड-हलक्याचे थर बनतच नाहीत, अख्खा तारा एकजीव राहतो. मेडर यांनी १९८७ मध्येच हे सुचवलं होतं. असा तारा म्हातारपणी फुगत नाही, उलट आटोपशीर आणि आणखी गरम होतो. ज्या आकाशगंगांत जड मूलद्रव्यं कमी आहेत तिथे हे जास्त शक्य आहे, कारण तिथे ताऱ्यांचा वारा क्षीण असतो आणि फिरण्याचा जोर वाऱ्याबरोबर वाया जात नाही. आता असे दोन तारे एकमेकांना चिकटून फिरत असतील, दोघंही फुगणार नाहीत, म्हणजे एकमेकांना गिळणार नाहीत, आणि शेवटी दोघांचीही कृष्णविवरं होतील, तीही जवळजवळ. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोने, म्हणजे गुरुत्वलहरी पकडणाऱ्या वेधशाळेने, सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट कृष्णविवरांची टक्कर पकडली, तेव्हा इतकी जड कृष्णविवरं इतक्या जवळ आली कशी याचं एक उत्तर म्हणून ही एकजीव ताऱ्यांची कल्पना जोरात पुढे आली. मोठ्या मॅगेलनी ढगात व्हीएफटीएस ३५२ नावाची जोडी आहे, दोन्ही तारे सूर्याच्या जवळपास तीसपट, एकमेकांना खेटलेले, सव्वा दिवसाच्या आत एकमेकांभोवती फेरी. ते अपेक्षेपेक्षा जास्त गरम आहेत, म्हणजे आतून मिसळत असावेत, पण वर्णपट नीट तपासला तर पृष्ठभागावर वाढलेला हीलियम किंवा नायट्रोजन सापडला नाही. तापमान एक सांगतं आणि रसायनं दुसरंच सांगतात, हे कोडं सुटलेलं नाही.

यासाठी कृष्णविवरांच्या जोड्या खूप मोजायला हव्यात, आणि त्यांचं काम आपल्याकडेही होणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे, एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला पूर्ण मंजुरी दिली. विवरं स्वतः कोणत्या अक्षावर आणि किती जोरात फिरतात हे टकरीतून निघणाऱ्या गुरुत्वलहरींमधून कळतं, आणि एकजीव ताऱ्यांतून आलेली जोडी असेल तर दोघांचे अक्ष एका दिशेला असण्याची अपेक्षा आहे, इकडून तिकडून भटकत येऊन जोडी जमलेली असेल तर अक्ष कसेही असतील. म्हणजे ताऱ्याच्या फिरण्याचा माग तारा मेल्यावरसुद्धा काढता येईल.

यंदा मेमध्ये ढग आले आणि टाऊ-झीटा भाचीला दाखवायचे राहिले. पण ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पाऊस ओसरला की, संध्याकाळी सात-सव्वासातच्या सुमारास दोघं नैऋत्येला असतात, आधी लाल ज्येष्ठा शोधायचा, त्याच्याजवळ डावीकडे टाऊ, आणि उजवीकडे बराच वर झीटा. ती दिवाळीच्या आधी येणार आहे, तेव्हा आमटीचं पातेलं आणि फिरता पाट तयार ठेवते.